मूल एकटं शिकत नाही : व्हायगॉट्स्की काय सांगत होते

दोन मुलं आहेत, दोघंही दहा वर्षांची. बुद्धिमापन चाचणीत दोघांनाही आठ वर्षांच्या मुलाला जमतील तेवढेच प्रश्न सुटले. कागदावर दोघांचा निकाल एकच. पण समजा परीक्षकाने तिथे वही मिटली नाही. पुढचे अवघड प्रश्नही मुलांसमोर ठेवले आणि या वेळी थोडी मदत केली. कुठे पहिली पायरी करून दाखवली, कुठे सूचक प्रश्न विचारला, कुठे अर्धं सोडवून उरलेलं मुलाकडे दिलं. एवढ्या मदतीवर पहिला मुलगा बारा वर्षांच्या मुलांच्या प्रश्नांपर्यंत पोचला. दुसरा नऊच्या पुढे सरकेना. मग ही दोन मुलं सारखी आहेत असं म्हणायचं का?

हे उदाहरण लेव व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं. डीएड-बीएड केलेल्या किंवा शिक्षक पात्रता परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने त्यांचं नाव ऐकलेलं असतं. गाइडमध्ये ते स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याशी जोडून एका ओळीत उरकलेलं असतं: पियाजे म्हणजे मूल स्वतः ज्ञान रचतं, व्हायगॉट्स्की म्हणजे मूल समाजाकडून शिकतं. पर्याय क्रमांक दोनवर खूण करायला ही ओळ पुरते. वर्गात उभं राहिल्यावर मात्र तिचा काही उपयोग होत नाही, कारण व्हायगॉट्स्कींचं म्हणणं याहून खूप धाडसी होतं. मूल समाजाकडून गोष्टी शिकतं हे तर आपल्या आजीलाही ठाऊक होतं. ते म्हणत होते की ज्याला आपण ‘मन’ म्हणतो, म्हणजे लक्ष देणं, आठवणं, विचार करणं, स्वतःला आवरणं, ते आधी माणसामाणसांच्या व्यवहारात असतं आणि तिथून मुलाच्या आत जातं.

व्हायगॉट्स्कींचा जन्म १८९६चा, आजच्या बेलारूसमधल्या ओर्शा गावातला. वाढले गोमेल शहरात, एका ज्यू कुटुंबात. झारच्या रशियात विद्यापीठांत ज्यू मुलांसाठी अगदी मोजक्या जागा असत. त्यात सोडत लागून त्यांना मॉस्कोत प्रवेश मिळाला. शिकले कायदा, पण जीव साहित्य, नाटक आणि तत्त्वज्ञानात. पदवीनंतर गोमेलला परतून शिकवू लागले. विशीतच क्षयाने गाठलं. १९२४च्या जानेवारीत एका परिषदेत त्यांनी असं भाषण केलं की मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेने त्यांना बोलावून घेतलं. तिथून पुढे अवघी दहा वर्षं मिळाली. ११ जून १९३४ रोजी, सदतिसाव्या वर्षी ते गेले. ‘विचार आणि वाणी’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर छापून आला. दोन वर्षांत सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने बालविकासाच्या ज्या शास्त्रात ते काम करत होते त्यावरच बंदीचा ठराव केला आणि पुढची वीस वर्षं त्यांचं लेखन जवळपास गडप झालं. १९५६मध्ये ते रशियनमध्ये पुन्हा छापलं गेलं, १९६२मध्ये इंग्रजीत आलं. आपल्यापर्यंत ते पोचलं त्याच्याही नंतर. म्हणून तर त्यांच्याच वर्षी जन्मलेले, पण १९८०पर्यंत जगलेले ज्याँ पियाजे आपल्याला जुने वाटतात आणि व्हायगॉट्स्की नवे.

पुटपुटणारं मूल

या दोघांमधला खरा वाद कशावरून झाला ते पाहिलं की बाकी सगळं उलगडतं. वाद होता लहान मुलांच्या पुटपुटण्यावरून.

तीन ते सहा वर्षांचं मूल खेळताना सतत बोलतं. ‘आता हे इथे ठेवते. पडलं! परत ठेवते.’ समोर कुणी नसलं तरी बोलतं, असलं तरी त्याच्या उत्तराची वाट पाहत नाही. पियाजेंनी जिनिव्हातल्या मुलांचं असं बोलणं बारकाईने नोंदवलं आणि १९२३मध्ये त्याला नाव दिलं ‘आत्मकेंद्री भाषा’. त्यांचं म्हणणं असं की या वयाच्या मुलाला समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता येत नाही, म्हणून ते दुसऱ्यासाठी बोलतच नाही. हळूहळू त्याला इतरांची दृष्टी कळू लागते, खरं संभाषण सुरू होतं आणि हे पुटपुटणं गळून पडतं.

व्हायगॉट्स्कींना हे पटलं नाही. ते म्हणाले, हे बोलणं निरुपयोगी असेल तर काम सोपं असो की अवघड, त्याचं प्रमाण सारखंच राहायला हवं. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुलांना चित्र काढायला बसवलं आणि मुद्दाम अडचणी उभ्या केल्या. कुठे हवी ती रंगाची पेन्सिल गायब, कुठे कागदच नाही. अडचण येताच मुलांचं स्वतःशी बोलणं जवळपास दुप्पट झालं. आणि ते बोलणं काय होतं पाहा. निळी पेन्सिल न सापडलेलं एक मूल म्हणालं की हरकत नाही, लालने काढतो आणि पाण्याने ओलं करतो, म्हणजे गडद होऊन निळ्यासारखं दिसेल. इथे ते मूल नुसती बडबड करत नव्हतं. आधी बेत बोलून मग तो अमलात आणत होतं.

दुसरा प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो. हे बोलणं जर खरोखर फक्त स्वतःपुरतं असेल, तर भोवती कोण आहे याने काही फरक पडू नये. त्यांनी मुलांना बहिऱ्या किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांमध्ये नेऊन बसवलं. स्वतःशी बोलणं जवळजवळ थांबलं. आपलं बोलणं कुणाला कळणारच नाही हे जाणवलं की मूल स्वतःशीही बोलेनासं होतं. म्हणजे त्या वयात स्वतःशी बोलणं आणि दुसऱ्याशी बोलणं अजून पुरतं वेगळं झालेलंच नसतं.

यातून व्हायगॉट्स्कींनी पियाजेंचा क्रमच उलटा केला. आधी आई, आजी, ताई मुलाला सांगतात: ‘हळू, सांडेल’, ‘आधी बटण लाव, मग चप्पल’. मग तेच मूल तीच वाक्यं स्वतःला मोठ्याने सांगू लागतं. पुढे ती कुजबुज होते, मग नुसते ओठ हलतात, आणि साताठ वर्षांच्या सुमारास आवाज बंद होतो. बोलणं संपलेलं नसतं, ते आत गेलेलं असतं. त्यालाच आपण विचार म्हणतो. मोठ्या माणसालाही अवघड फॉर्म भरताना किंवा अनोळखी रस्त्यावर गाडी वळवताना ते पुन्हा ओठांवर येतं.

नंतरच्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या मुलांवर हे तपासलं. मोठ्याने बोलण्यापासून कुजबुजीपर्यंत आणि तिथून शांततेपर्यंतचा प्रवास त्यांनाही दिसला. खुद्द पियाजेंनी १९६२मध्ये व्हायगॉट्स्कींची टीका पहिल्यांदा नीट वाचली. जो सहकारी आता हयात नाही त्याचं लेखन पंचवीस वर्षांनी हाती यावं याचं दुःख त्यांनी व्यक्त केलं आणि या मुद्द्यावर बरंचसं मान्यही केलं.

‘तोंड बंद ठेवून गणित कर’ असं पहिली-दुसरीच्या मुलाला सांगणाऱ्या प्रत्येकाने इथे क्षणभर थांबावं असं मला कळकळीने वाटतं. त्या वयात तोंड बंद करणं म्हणजे विचाराचं साधन काढून घेणं.

हात आधी, खूण नंतर

भाषा हे एक साधन झालं. व्हायगॉट्स्कींच्या मते माणसाचं मन अशा अनेक साधनांनी बांधलेलं आहे: बोटांवर मोजणं, रुमालाला गाठ मारून आठवण ठेवणं, लिपी, आकडे, नकाशे. ही साधनं कुठल्याही एका डोक्यातून निघालेली नाहीत. समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली आहेत. मूल ती उचलतं आणि त्यामुळे त्याची स्मरणशक्तीच वेगळ्या पद्धतीने काम करू लागते.

त्यांचे सहकारी लिओन्तिएव यांनी यासाठी एक छान खेळ रचला. मुलाला प्रश्न विचारायचे, त्यातले काही रंगांबद्दल. अट अशी की दोन ठरावीक रंगांची नावं घ्यायची नाहीत आणि कुठल्याही रंगाचं नाव दोनदा घ्यायचं नाही. नंतर मदतीला रंगीत कार्डं द्यायची. पाच-सहा वर्षांच्या मुलांना कार्डांचा काही फायदा झाला नाही. ती कार्डं पाहून उलट भलतीच उत्तरं देत. आठ ते तेरा वयाची मुलं निषिद्ध रंगांची कार्डं बाजूला काढून ठेवत, वापरलेलं कार्ड उलटं करत, आणि त्यांच्या चुका झपाट्याने कमी झाल्या. मोठ्या माणसांना कार्डांनी फारसा फरक पडला नाही, कारण कार्डांचं काम ती मनातल्या मनातच करत होती. आधी साधन आहे तरी वापरता येत नाही, मग बाहेर ठेवून वापरता येतं, मग ते आत जातं.

याची सुरुवात किती लवकर होते यासाठी व्हायगॉट्स्कींनी दिलेलं उदाहरण प्रत्येक घरात पाहता येतं. सहा-आठ महिन्यांचं बाळ खेळण्याकडे हात लांबवतं. पोचत नाही. हात तसाच हवेत राहतो. बाळाच्या बाजूने तो फक्त फसलेला प्रयत्न आहे. पण आई ते पाहते, ‘हे हवंय का?’ म्हणते आणि खेळणं देते. हाताचा अर्थ आईने लावला. असं वारंवार झालं की काही दिवसांनी बाळ खेळण्यापेक्षा आईला उद्देशून हात करू लागतं. आता ती खूण झाली. आपल्या स्वतःच्या कृतीचा अर्थ बाळाला सगळ्यांत शेवटी कळतो, तोही दुसऱ्याने लावलेल्या अर्थातून. प्रत्येक उच्च मानसिक क्षमता दोनदा अवतरते, आधी माणसांच्या मध्ये आणि मग मुलाच्या आत, हा त्यांचा नियम इथे डोळ्यांसमोर घडताना दिसतो.

मूकबधिर आणि अंध मुलांच्या शिक्षणातही त्यांनी बरंच काम केलं. न दिसणं किंवा ऐकू न येणं ही मुख्य अडचण नसून त्यामुळे मूल माणसांच्या व्यवहाराबाहेर पडणं ही खरी अडचण आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. ब्रेल हा त्या व्यवहारात परत येण्याचा दुसरा रस्ता.

त्या दोन मुलांचं काय

मूल एकटं काय करू शकतं आणि कुणाच्या सोबतीने काय करू शकतं, या दोन पातळ्यांमधल्या अंतराला व्हायगॉट्स्कींनी जे नाव दिलं ते मराठीत निकट विकासाचं क्षेत्र म्हणून येतं; शिक्षकांच्या बोलण्यात त्याचं ‘झेडपीडी’ (झोन ऑफ प्रॉक्सिमल डेव्हलपमेंट) झालं आहे. पहिल्या मुलाचं क्षेत्र चार वर्षांचं, दुसऱ्याचं एका वर्षाचं. एकट्याने दिलेली परीक्षा काय पिकून झालंय तेवढंच सांगते. काय पिकण्याच्या बेतात आहे ते सोबतीने काम केल्यावरच दिसतं. आणि शिकवण्याचा उपयोग होतो तो त्या दुसऱ्या भागात. मुलाला जे येतंच ते पुन्हा पुन्हा करून घेणं व्यर्थ, आणि कितीही मदत केली तरी जे जमणार नाही तेही व्यर्थ.

इथे गाइडं नेहमी घसरतात. झेडपीडी म्हणजे ‘थोडा अवघड स्वाध्याय’ असं सांगतात. मग शिक्षक अवघड स्वाध्याय देऊन टेबलाशी जाऊन बसतात. पण हे क्षेत्र मुलाच्या डोक्यात आधीच आखून ठेवलेलं नसतं. ते मूल आणि मदत करणारा यांच्यामध्ये तयार होतं. मदत करणारा बदलला, मदतीची तऱ्हा बदलली, की क्षेत्रही बदलतं. खेळातही ते तयार होतं. एरवी दोन मिनिटं एका जागी न टिकणारं पोर लपाछपीत भिंतीआड श्वास रोखून उभं राहतं, कारण खेळाचा नियम त्याला आवरतो. खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं, असं व्हायगॉट्स्की म्हणत.

मदत नेमकी कशी करायची हे मात्र त्यांनी तपशिलात लिहून ठेवलं नाही. आयुष्यच पुरलं नाही. ते काम पुढे इतरांनी केलं. १९७६मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला. शिकवणारी बाई एकच, पण तिचं काम वयागणिक बदललं. तीन वर्षांच्या मुलांना मुळात खेळात ओढून आणणं आणि तिथे टिकवणं, चार वर्षांच्यांना तोंडी सूचना देऊन चूक दाखवणं, पाच वर्षांच्यांना ‘बरोबर आहे ना?’ याला फक्त मान डोलावणं. बांधकामाला लावतात त्या परांचीवरून त्यांनी या मदतीला ‘स्कॅफोल्डिंग’ हे नाव दिलं. भिंत उभी राहिली की परांची उतरवायची असते, हे त्या नावातच आलं.

वुड यांच्या पुढच्या कामातून एक साधा नियम निघाला, आणि माझ्या मते शिकवण्याबद्दल इतका वापरण्याजोगा नियम दुसरा सापडणार नाही. मूल अडलं की मदत एक पायरी वाढवायची, जमलं की एक पायरी कमी करायची. मोघम सूचना, मग नेमकी सूचना, मग वस्तू दाखवणं, मग हाती देणं, मग करून दाखवणं अशी चढती पायरी. ज्या मुलांना अशी कमी-जास्त होणारी मदत मिळाली ती पुढे एकट्याने उत्तम करू शकली. सगळं करून दाखवणारे आणि नुसतंच तोंडाने सांगणारे, दोघेही मागे पडले. ऐकायला सोपा असलेला हा नियम पाळणं फार कठीण आहे, कारण जमल्याबरोबर मागे सरायला आपल्याला जमत नाही.

उझबेकिस्तानची अस्वलं

मन जर समाजाच्या साधनांनी घडत असेल, तर समाज बदलला की विचार करण्याची पद्धतही बदलायला हवी. हे तपासायला व्हायगॉट्स्कींचे सहकारी अलेक्झांडर लुरिया १९३१ आणि १९३२ साली उझबेकिस्तान आणि किरगिझियातल्या खेड्यांत गेले. आजारपणामुळे व्हायगॉट्स्की स्वतः जाऊ शकले नाहीत. तिथे तेव्हा सामूहिक शेती आणि साक्षरता मोहीम एकदमच सुरू झाली होती. एकाच गावात निरक्षर शेतकरी आणि नुकते थोडं शिकलेले तरुण शेजारी शेजारी भेटत.

लुरियांनी लोकांना चार चित्रं दाखवली: हातोडा, करवत, लाकडाचा ओंडका, कुऱ्हाड. यातलं वेगळं कोणतं? शाळेत गेलेला चटकन म्हणेल ओंडका, कारण बाकीची हत्यारं. निरक्षर शेतकरी म्हणत, एकही काढता येणार नाही. करवत कापायला हवी, कुऱ्हाड फोडायला हवी, आणि ओंडकाच नसेल तर बाकीच्यांचं करायचं काय? दुसरा प्रश्न असा: दूर उत्तरेला जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे आणि तिथे कायम बर्फ असतो. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर येई: मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलेलं नाही. तिथे जाऊन आलेल्या माणसालाच विचारा. थोडंफार शिकलेले लोक मात्र तुमच्या शब्दांवरून पांढरी म्हणायला हवीत असं सांगत.

लुरियांनी याचा अर्थ लावला की साक्षरता आणि नव्या सामाजिक जीवनाने माणूस अनुभवापलीकडे, शब्दांच्या आधाराने विचार करू लागतो. सोव्हिएत राजवटीला हे निष्कर्ष रुचले नाहीत, शेतकऱ्यांना मागास ठरवल्याचा आरोप झाला आणि हे संशोधन पूर्ण रूपात रशियनमध्ये छापायला १९७४ उजाडलं.

मला इथे थांबून बोलायचं आहे, कारण व्हायगॉट्स्कींच्या विचारातला कच्चा दुवा हाच आहे. शहरातल्या सुशिक्षिताची विचारपद्धती वरच्या पायरीवर आणि शेतकऱ्याची खालच्या, असा एक जिना लुरिया आणि व्हायगॉट्स्की यांच्या मनात होता. ‘जाऊन आलेल्या माणसाला विचारा’ हे उत्तर अतार्किक नाही. अनोळखी साहेबाच्या शब्दावर न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही न देणं हा शहाणपणा आहे, विशेषतः सरकार जमिनी ताब्यात घेत असताना. वर्गातले प्रश्न कसे असतात, म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं आणि तरीही ते द्यायचं असतं, हे फक्त शाळेत गेलेल्याला माहीत असतं.

हीच शंका घेऊन सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकल कोल पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात गेले. तिथल्या वाई लोकांची स्वतःची लिपी आहे. ती शाळेत शिकवत नाहीत. घरी, ओळखीच्या माणसाकडून शिकतात आणि पत्रं, हिशेब यांसाठी वापरतात. म्हणजे शाळेशिवायची साक्षरता तपासायची दुर्मीळ संधी. १९८१मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. नुसत्या वाई लिपीने अस्वलांसारख्या कोड्यांत फरक पडत नव्हता. फरक पडत होता शाळेत गेल्याने, आणि तोही मुख्यतः उत्तराचं कारण शब्दांत सांगण्यात. वाई लिपीने मात्र पत्र लिहिणाऱ्याला लागणारी कौशल्यं वाढवली होती. साधन माणसाला सर्वज्ञ करत नाही; ज्या कामात ते वापरलं जातं त्या कामापुरतं मन घडवतं. व्हायगॉट्स्कींचं तत्त्व टिकलं, पण जिना कोसळला.

चार नारळांचे किती

ब्राझीलच्या रेसिफे शहरातला अभ्यास याच वाटेवरचा. तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांकडून गिऱ्हाईक बनून खरेदी केली आणि नंतर तीच गणितं कागदावर दिली. १९८५मध्ये हे प्रसिद्ध झालं. ठेल्यावर मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नुसत्या आकडेमोडीची तीच गणितं कागदावर केली तेव्हा ३७ टक्के. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, चार नारळांचे किती? एक नारळ ३५ क्रुझेरोचा. तो म्हणाला, तिनाचे १०५, त्यात ३० म्हणजे १३५, एक नारळ ३५चा, म्हणजे १४०. अचूक. कागदावर ३५ गुणिले ४ दिल्यावर तोच मुलगा पुटपुटला: पाच चोक वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००.

व्हायगॉट्स्कींनी रोजच्या आणि शालेय संकल्पनांबद्दल जे लिहिलं त्याचा हा पुरावाच. रोजच्या संकल्पना अनुभवातून वर चढतात, शालेय संकल्पना व्याख्येतून खाली उतरतात. ‘भाऊ’ म्हणजे काय हे मुलाला जगून पक्कं माहीत असतं, पण शब्दांत सांगता येत नाही. आर्किमिडीजचा नियम घडाघडा म्हणता येतो, पण बादलीत काय होईल ते सांगता येत नाही. दोन्ही वाटा मध्यावर भेटायला हव्यात. रेसिफेच्या मुलाच्या डोक्यात त्या भेटल्याच नव्हत्या. १४० सांगणाऱ्या त्या मुलाला ‘तुझे २०० बरोबर असतील तर गिऱ्हाईक काय म्हणेल?’ एवढं विचारणारं कुणी हवं होतं.

आपल्याकडचा ज्ञानरचनावाद

महाराष्ट्रात हे सगळं ‘ज्ञानरचनावाद’ या नावाने आलं. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने त्याला सरकारी मान्यता दिली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांनी तो प्रत्यक्षात आणून दाखवला आणि राज्यभरातून शिक्षकांचे जथे ते पाहायला गेले. जून २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य सरकारच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. नंतर गावोगावच्या वर्गांच्या फरशा रंगल्या. त्यावर अंकांचे चौकोन, मुळाक्षरांची झाडं, सापशिडी. मणी, काड्या, बाटल्यांची झाकणं आली. मुलं गोलात बसू लागली. हे बदल छोटे नाहीत. रांगेत गप्प बसवण्यापेक्षा ते लाखपटीने चांगले आहेत, आणि बहुतेक शिक्षकांनी पदरमोड करून ते केले आहेत.

पण झालं असं की साहित्य दिसतं, फोटोत येतं, तपासणीत मोजता येतं. मूल आणि बाई यांच्यात काय बोलणं झालं ते फोटोत येत नाही. त्यामुळे फरशी ज्ञानरचनावादी झाली आणि संवाद पूर्वीसारखाच राहिला, असे वर्ग ठिकठिकाणी आहेत. सहा मुलं गोलात बसून आपापल्या पाटीवर आपापलं गणित करत असतील तर तो गट नाही. गट तेव्हा होतो जेव्हा एक म्हणतं ‘असं कसं?’ आणि दुसऱ्याला ते सांगावं लागतं. याबाबत पियाजेंवरही आपण अन्याय करतो. मुलांमधला मतभेद त्यांना स्वतःच्या दृष्टीतून बाहेर काढतो असं तेही लिहून गेले आहेत. साहित्य देऊन मुलाला एकटं सोडा असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

सगळ्यांत जास्त हे कुठे बोचतं तर मेळघाटात, नंदुरबारमध्ये, गडचिरोलीत. तिथे पहिलीत येणारं मूल कोरकूत, भिलीत किंवा माडियात स्वतःशी बोलत असतं. मागे पाहिलं तसं ते त्याचं विचाराचं साधन आहे. शाळा त्याला पहिल्या दिवसापासून मराठीत बोलायला लावते. ज्यांना आपलं बोलणं कळणार नाही अशांमध्ये बसलं की मूल स्वतःशीही बोलायचं थांबतं, हे व्हायगॉट्स्कींनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं होतं. मग आपण म्हणतो, ही मुलं बुजरी आहेत, मंद आहेत. अशा ठिकाणी मुलाची भाषा येणारी एक मोठी मुलगी वर्गात शेजारी बसवली, तरी फरक पडतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५पासून बोर्डीला आणि नंतर कोसबादला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन शाळा भरवत, गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा नेत. मुलाच्या चालू जगण्यात शिकणं मिसळायला हवं हे त्यांना कामातून उमगलं होतं.

हे वर्गात उतरवायला नवीन साहित्य लागत नाही. मुलाने चुकीचं उत्तर दिलं की फुली मारून पुढे जाण्याऐवजी मदतीची एक पायरी चढायची, आणि कुठल्या पायरीवर उत्तर बरोबर आलं ते टिपून ठेवायचं. ‘वजाबाकी येत नाही’ या शेऱ्याच्या जागी ‘काड्या हातात दिल्यावर येते’, ‘दशक सुटा करायचा का एवढं विचारल्यावर येते’, ‘मी पहिलं करून दाखवल्यावरही अडते’ असे तीन वेगवेगळे शेरे तीन मुलांपुढे येतील. चाचणीत तिघांनाही शून्यच होतं. उद्या पहिल्याला काड्यांशिवाय, दुसऱ्याला प्रश्नाशिवाय करायला द्यायचं, आणि तिसऱ्यासाठी एक इयत्ता मागे जाऊन दशक म्हणजे काय इथून सुरुवात करायची.